आमचा थोराड पाहुणा

लहान वस्तूवर माणसाचा जीव जडतो तो पुष्कळदां ती लहान असते म्हणूनच. ती मोठी झाली कीं त्याच माणसाला तिची अडचण वाटूं लागते. ही गोष्ट मला साठीच्या उंबरठ्यावर एका कुत्र्यानें शिकविली.

शहराबाहेरच्या एका आश्रयगृहांत मी गेलों होतों तो केवळ देणगी देण्यासाठीं. पावती खिशांत घालून निघावें, तों कोपऱ्यांतल्या पिंजऱ्यांत एक प्रचंड करडें जनावर उभें राहिलेलें दिसलें. तो ग्रेट डेन जातीचा कुत्रा होता. या जातीच्या नांवांत डेन्मार्क असलें तरी तिची जोपासना झाली जर्मनींत, आणि तीही रानडुकरांच्या शिकारीसाठीं! पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशीं ३० इंचांहून उंच भरतो आणि वजनांत धडधाकट माणसाची बरोबरी करतो. पण रानडुकरांच्या कुळाचा हा वैरी मला पाहून प्रथम मागें सरला. मग हळूच पुढें येऊन त्यानें आपली सगळी कूस गजांना टेकून दिली. मीं हात ठेवला. तो डोळे मिटून उभा राहिला.

त्याची हकीगत साधी होती. कोणीं तरी त्याला पिलूं असतांना हौसेनें विकत घेतलें. हें पिलूं वर्षभरांत वासराएवढें होतें, हें त्या वेळीं ध्यानांत आलें नसावें. जागा अपुरी पडली, खाण्याचा खर्च झेपेना, आणि एके सकाळीं तो आश्रयगृहाच्या फाटकाला बांधलेला सांपडला. वय सुमारें ६ वर्षें.

घरीं मीं विषय काढला तेव्हां आईनें प्रथम सोवळ्याओंवळ्याचा प्रश्न उभा केला. पत्नीची शंका निराळी होती. ती म्हणाली, "अहो, ही जात ७-८, फार तर १० वर्षें जगते. याचीं सहा तर गेलींच. दोनतीन वर्षांसाठीं जीव लावायचा आणि मग घरभर रडत बसायचें, हें कशाला?"

मला तें पटलें. मी गप्प बसलों. तोंच झोंपाळ्यावरून आई म्हणाली, "अरे, थोडे दिवस उरले म्हणून कोणाला दारांत घ्यायचें नाहीं, असा नियम केव्हांपासून झाला? मी यंदां ८६ वर्षांची झालें."

त्यावर कोणीच बोललें नाहीं. पुढल्या रविवारीं तो घरीं आला.

नातवानें त्याच्यासाठीं 'भीम' हें नांव योजिलें होतें. आईनें तें मोडून काढलें. "भीम आपल्या खादाडपणापायीं वाटेंतच पडला. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत गेला तो कुत्रा." तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता, ही महाभारतांतील कथा सर्वांना ठाऊक आहे. आमचा पाहुणा 'धर्मा' झाला.

मग घराला त्याच्या तंत्रानें वागणें शिकावें लागलें. या जातींत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचें भय मोठें. वेळीं उपाय न झाल्यास कांहीं तासांतच जीव जातो. म्हणून त्याचें जेवण दोन वेळां विभागून द्यावयाचें, आणि जेवणानंतर त्याला धांवूं द्यावयाचें नाहीं. कठीण फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, म्हणून त्याची गादी माझ्या गादीहून जाड करावी लागली. त्याचें शेपूट नेमकें तिपाईच्या उंचीवर येतें, त्यामुळें त्याला आनंद झाला कीं आमचे चहाचे कप फुटतात.

आवडत्या माणसाला भार टाकून टेकणें ही या कुत्र्यांची रीतच आहे. मला तो टेकतो, सूनबाईला टेकतो, एकदां टपालवाल्याला टेकून त्यानें भिंतीशीं खिळवून ठेविलें होतें. आईला मात्र तो कधींच टेकला नाहीं. तिच्या खुर्चीशेजारीं चार बोटें अंतर राखून तो उभा राहतो, आणि तीच त्याच्या पाठीवर हात टेकून उठते. आपलें वजन किती आणि समोरच्याला तें किती पेलेल, याचा हिशेब त्याला कोणीं शिकविला नव्हता. त्याला टाकणाऱ्या शहाण्या माणसांना मात्र तो वेळेवर करतां आला नाहीं.

या गोष्टीला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. धर्माचें तोंड पांढरें झालें आहे, आणि मागचे पाय उठतांना कांपतात. संध्याकाळीं दोघेंही अंगणांत फेरी घालतात. पूर्वीं तो पायरीपाशीं आईसाठीं थांबत असे. हल्लीं आईच त्याच्यासाठीं थांबते.