जैतुनाच्या बेटावर



आपल्याकडे भुईमूग नि करडई, तसे भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर जैतून, म्हणजेच ऑलिव्ह. ग्रीस देशाचे हे सर्वांत मोठे बेट. उंच डोंगर, खडकाळ उतार, पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. तुम्ही तिथे गेलात, तर नजर पोचेल तिथवर रुपेरी-हिरव्या पानांची झाडे दिसतील. हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर तग धरणारे हे झाड. वूव्हेस गावातले एक झाड तर किमान २,००० वर्षांचे मानतात; त्याला अजूनही फळे लागतात.

हिवाळा आला की सुगी. झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्या झोडपायच्या आणि फळे लवकरात लवकर घाण्यावर न्यायची. उशीर झाला की फळ आंबते, तेलाची प्रत जाते. चांगले ताजे तेल घशाला किंचित झोंबते. तो दोष नव्हे, गुणच.

अमेरिकेचे डॉ. अॅन्सेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांच्या आहाराची पाहणी सुरू केली. हृदयविकाराने होणारे मृत्यू क्रीटमध्ये फारच कमी आढळले, आणि जेवणात तेल तर भरपूर! या तेलात ओलेइक आम्ल अधिक असते. लोणी-चरबीच्या जागी ते आले, की रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरते. पुढे स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर प्रयोग झाला. त्याचे २०१८ साली सुधारून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की भूमध्य पद्धतीच्या जेवणात हे तेल घेणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिला.

पण मंडळी, नुसते तेल पाहू नका, सारे ताट पाहा. त्या काळचा क्रीटचा शेतकरी जवाची भाकर, कडधान्ये, रानभाज्या, फळे खाई, मांस क्वचित. दिवसभर उतारावर राबे. शिवाय कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतातच. नेहमीच्या तेलात वरून भर घातली, तर वजन तेवढे वाढेल.

म्हणून घरचा भुईमूग विकून महागडी परदेशी बाटली आणण्याची गरज नाही. शेंगदाणा तेलातही ओलेइक आम्ल बऱ्यापैकी असते. तेल मापून वापरा, तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, ताटात डाळ नि पालेभाजी वाढवा. आणि घरात कुणाला रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर कोणत्याही तेलाच्या भरवशावर ती बंद करू नका.