षड्जाआधीचा हुंकार

मारव्यात षड्ज सहजासहजी भेटत नाही. गाणारा कोमल ऋषभावर रेंगाळतो, धैवतावर जाऊन विसावतो, निषादाला नुसता हात लावून पुन्हा ऋषभाकडे वळतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्या न आलेल्या ‘सा’साठी कासावीस होत राहतो. अशाच एका मारव्यात, आमच्या घरातल्या एका जुन्या कॅसेटवर, षड्ज लागायच्या निमिषभर आधी कुणीतरी हुंकारतं. ‘वाहवा’ नाही, ‘क्या बात है’ नाही, दाद म्हणावी इतकाही तो आवाज ठाम नाही. पोटातून आलेला, ओठांशी येईपर्यंत विरघळलेला एक श्वास. आणि मग षड्ज येतो, आणि त्या खोलीतली सगळी माणसं एकदम हलकी झाल्यासारखी वाटतात.

कोण होता तो? मायक्रोफोनच्या जवळ, बहुधा तबल्याच्या अंगाला बसलेला कुणी कानसेन. गाण्याइतकाच तो मला पाठ होता. किंबहुना त्याच्यामुळेच मला कळलं, की षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यात लागण्याआधी ऐकणाऱ्याच्या छातीत लागतो.

कॅसेट वडिलांनी कुणाच्या तरी स्पूलवरून उतरवून घेतलेली. ते स्पूलही मुळातलं नव्हे, त्याचीही कुणीतरी काढलेली प्रत. त्या काळी मैफली अशाच प्रवास करत. ‘फक्त दोन दिवसांसाठी देतो, जपा हं’ असं म्हणून दिलेल्या टेपा घरोघर फिरत, आणि दर प्रतीबरोबर खरखर थोडी दाटत जाई, तंबोरे थोडे दूर जात. पंचेचाळीस मिनिटांनी पहिली बाजू संपे ती भर तानेत. खट्ट! कॅसेट उलटली की गाणं पुढे निघून गेलेलं असे. मधली आवर्तनं कुठे गेली कुणास ठाऊक. मी ती तान वर्षानुवर्षं तशीच, तुटलेली, गुणगुणत असे, आणि तुटते तिथे माझ्याही नकळत थांबत असे.

मग ती मैफल नव्याने निघाली. रीतसर, सुबक वेष्टनात, स्वच्छ करून. नावं घेत नाही, भांडण माणसांशी नाही. हौसेने आणली, दिवेलागणीला लावली. खरखर खरंच गेली होती. गळा इतका जवळ आला होता, की गाणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू यावा. तुटलेली तान सांधली गेली होती. अगदी समेवर, सफाईने. सोळा मात्रांचा ठेका अखंड चाललेला, त्यामुळे जोड कळू नये. आणि मग ऋषभ, धैवत, निषाद... आणि षड्ज. नुसताच. त्याच्या आधी कुणीच नव्हतं.

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. हुंकार काढून टाकला होता. इतका बेमालूम, की तिथे साधी पोकळीही उरली नव्हती. षड्ज तोच, त्याच गळ्यातला, पण आता कुणीच त्याची वाट बघत नव्हतं.

मग एकेक लक्षात येऊ लागलं. ती बैठक कुणाच्या तरी दिवाणखान्यातली. गाद्या, लोड, पडदे, दाटीने बसलेली माणसं, आणि त्या सगळ्यांनी शोषून घेतलेला, सुका, आपलासा आवाज. आता त्या आवाजाला वरून घुमारा चढवला होता. आणि द्रुत संपल्यावर टाळ्या! दिवाणखान्यातल्या माणसांच्या नव्हेत, भरल्या प्रेक्षागृहाच्या. एवढ्या मोठ्या सभागृहात ही बैठक झालीच नव्हती.

माझा एक मित्र हेच काम करतो, जुन्या टेपा उजळण्याचं. तक्रार घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने मला पडद्यावर गाणं दाखवलं. डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर स्वरांची उंची. तंबोऱ्याच्या आडव्या, लांबच लांब रेघा, त्यांच्यावरून वळत जाणारी गळ्याची मींड, आणि मध्येच एक उभा डाग. ‘हा खोकला,’ तो म्हणाला. डाग पुसायचा, आजूबाजूच्या रेघा त्यावर ओढून घ्यायच्या, झालं. मी ती चकचकीत रांगोळी बघत राहिलो. कानाने ऐकायची गोष्ट डोळ्यांनी बघितली, की जे जे उभं, वेडंवाकडं, ते ते डागच वाटू लागतं.

पण त्याने सांगितलेली तंबोऱ्याची गोष्ट मला अधिक लागली. खरखर काढायची तर यंत्राला आधी ती ओळखावी लागते. त्यासाठी गाणारा थांबलेला आहे अशी एखादी जागा निवडून यंत्राला सांगायचं, की हा नको असलेला आवाज, असा जिथे जिथे दिसेल तिथे वजा कर. आता आपल्याकडे गाणारा थांबतो तेव्हा काय ऐकू येतं? तंबोरा. न थांबता, न बदलता, मागे झिणझिणत राहणारा तंबोरा. आणि जवारीचं ते वरचं तेज तर खरखरीच्याच शेजारी राहणारं. बेसावध हाताने काम केलं, तर यंत्र त्यालाच गोंगाट समजतं. गळा राहतो, तारा राहतात, आणि तारांवरचा उजेड जातो. मारव्यात पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादात मिळवतात. गाणारा षड्ज टाळत असतो तेव्हाही मागे खर्ज, जोड सगळे ‘सा’, ‘सा’ म्हणत असतात. तेच मंद झाले, तर त्याचं ते टाळणं तरी कुणाला दिसणार?

आणि वीज. जुन्या ध्वनिमुद्रणात विजेची एक गुणगुण खाली साचलेली असते, साधारण ५० कंपनांची. ती काढायचीच असते. पण काढण्याआधी मित्र तिला विचारतो. टेप वेगाने फिरून आली असेल, तर ही गुणगुणही वर चढलेली असते. ५० च्या जागी ५३ दिसली, की समजावं अर्धा स्वर चढलाय. काळी एकमधला गळा पांढरी दोनमध्ये गेलाय. मग तो टेपचा वेग उतरवत गुणगुण पन्नासावर आणून बसवतो, आणि गाणारा आपल्या खऱ्या स्वरात, आपल्या खऱ्या वयात परत येतो. नंतर ती गुणगुण पुसतो. हे ऐकून मी थोडा निवळलो. हाही बदलच की. पण हा त्या संध्याकाळच्या दिशेने जाणारा बदल.

दूरदेशी एक असंच नवलाचं प्रकरण घडून गेलं आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजला. त्यात पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर एकामागून एक सत्तावीस आवर्तनं अशी काही वाजवली, की लोक उठून नाचू लागले. पण वाजवताना तो चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा. रेकॉर्ड कंपनीच्या टेपवर तो दुरून, पुसट. रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली. तिच्यातलं बरंचसं वादन मात्र महोत्सवानंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेलं, वर गर्दीचा कल्लोळ चढवलेला. लोकांनी चाळीस-एक वर्षं तीच रात्र म्हणून ऐकली. तो दुसरा मायक्रोफोन होता ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचा, आणि तिची टेप पुढे सापडली. दोन्ही टेपा क्षणाला क्षण जुळवून, एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला, अशी ती मैफल १९९९ साली पुन्हा निघाली. त्या रात्री मैदानात बसलेल्या कुणीही ती नेमकी अशी ऐकली नसेल. तरीही मला वाटतं, ती रात्र पहिल्यांदा तेव्हाच ऐकू आली.

मी मित्राला म्हटलं, खरखर टेपची, गुणगुण विजेची, ती खुशाल ने. खोलीतल्या माणसांचं जे आहे ते राहू दे. तो हसला. ‘आणि आलापभर कुणी खोकत असेल तर? त्या बिचाऱ्याला तरी तो खोकला हवा होता का?’ यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. त्याच्याकडे याहून अवघड मागण्या येतात. गेलेल्या कलावंताच्या घरची माणसं हळूच म्हणतात, तिथे जरा कणसूर लागलाय, तेवढा सरळ होईल का? होतो. यंत्राला ते फार सोपं आहे. मित्र करत नाही. पण नाही म्हणताना त्याला त्या माणसांच्या डोळ्यांत बघवत नाही, हेही तोच सांगतो.

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या अखेरीला सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी तबकडी लावतात. आधी दिवसन् दिवस मोठमोठी गाणी झालेली असतात, उत्तमोत्तम ध्वनिक्षेपकांवरून. आणि मग तीन-साडेतीन मिनिटांचा तो बारीक, खरखरीतून येणारा आवाज. मंडपातली माणसं स्तब्ध होऊन ऐकतात. खरखर तिथे कुणाला खुपल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेवटी आमची कॅसेट मी मित्रालाच दिली. हुंकाराशी आल्यावर त्याने मला फोन केला. म्हणाला, हा माणूस नसेलही. स्पूलवर टेपचे थर एकमेकांना चिकटून असतात, एका थरातला आवाज शेजारच्या थरावर उमटतो, आणि पुढच्या सुराची सावली आधीच ऐकू येते. मी चरकलो. इतकी वर्षं मी एका चुंबकीय सावलीवर जीव लावून बसलो होतो की काय! पण त्याने नीट पाहिलं. सावली असती तर ती त्याच स्वराची, त्याच गळ्याची फिकी प्रत असती. हा खालचा, जाडा, वेगळाच आवाज होता. माणूसच. त्याला त्याने हात लावला नाही.

कात्री लागली ती दुसरीकडे. विलंबितानंतर तबलजीने हातोडी काढून गट्टे ठोकत तबला पुन्हा मिळवला होता, चांगली पाच मिनिटं. मित्राने ती तीस सेकंदांवर आणली. मी त्याला १९७१ च्या बांगलादेश मदत मैफलीची आठवण करून दिली. न्यूयॉर्कमध्ये सतार-सरोद मिळवून झाल्यावर श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या होत्या, रविशंकरांनी त्यावर मिश्कीलपणे दाद दिली होती, आणि रेकॉर्डवर ते सगळं ठेवलं आहे. ‘ते रविशंकर होते,’ मित्र म्हणाला, ‘आणि ते पाच मिनिटं जुळवत नव्हते.’ माझं म्हणणं एवढंच, की निदान दीड मिनिट तरी हवं. तो पाऊण मिनिटापर्यंत आला आहे.