आतोबांचा मास्क

गेल्या जानेवारीत आत्याकडे जयपूरला गेले होते. मानसरोवरमध्ये, हाऊसिंग बोर्डाच्या वसाहतीत तिचं घर आहे. कडाक्याची थंडी. मी रजई डोक्यावरून घेतली, तरी शेजारच्या खोलीतून आवाज येतच होता. फूऽस... फूऽस...

आतोबांना सीओपीडी आहे. वर्षानुवर्षं ओढलेल्या सिगारेटींची कृपा! दिवाळीनंतर श्वास फारच कोंडला म्हणून इस्पितळात ठेवलं आणि घरी पाठवताना रात्रीसाठी बायपॅप यंत्र दिलं. श्वास घेताना ते जास्त दाबानं हवा देतं आणि सोडताना दाब कमी करतं. घशात नळी घालावी लागत नाही, सगळी भिस्त चेहऱ्यावरच्या मास्कवर.

सकाळी पाहिलं तर आतोबांचे डोळे लालभडक, नाकाच्या हाडावर जखम. चहा पुढ्यात निवत होता आणि ते पेंगत होते.

“रोज उठले की डोकं दुखतं म्हणतात,” आत्या म्हणाली. “हवा सुटते म्हणून पट्टे आवळले, तर नाक सोललं. शेवटी पुढच्या त्या बारीक भोकांवर चिकटपट्टी लावली. हवा तिथूनच जात होती ना!”

खरं सांगते, मला तिचं कौतुकच वाटलं. आरोग्यावर लिहिणारी मी, पण मीही तेच केलं असतं!

डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, “आधी ती पट्टी काढा! आणि त्यांना लगेच घेऊन या.”

नळी एकच असते, त्यामुळे सोडलेला श्वास बाहेर पडायला ती भोकंच वाट देतात. ती बुजवली की आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो. आतोबांची डोकेदुखी आणि पेंग त्याचीच होती. रक्ततपासणीत तो वाढलेलाच निघाला. आत्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसत राहिली. “मीच केलं गं हे,” एवढंच म्हणाली.

भोकांतली गळती हवीच असते, नको असते ती मास्कच्या कडेची. तिथून हवा निसटली की दाब पुरेसा पोहोचत नाही. रुग्णानं श्वास कधी सुरू केला, कधी संपवला, हे यंत्राला नीट उमगत नाही. माणूस सोडू पाहतो आणि यंत्र ढकलतच राहतं. डोळे आणि तोंड कोरडं पडतं, झोप मोडते ती वेगळीच. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा मास्क चक्क चेहऱ्याला चिकटवत. गळतीचं दुखणं तेव्हापासूनचं!

नंतर मास्क बसवणारा मुलगा घरी आला. त्यानं आतोबांना आडवं केलं, यंत्र चालू केलं आणि मगच पट्टे जुळवले. निजल्यावर म्हणे चेहऱ्याची ठेवण बदलते. मास्क एक माप मोठा होता. रात्री कवळी काढल्यानं गाल बसत होते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलं. मग तो जरा चाचरला, “अंकल, ये मूँछें...”

आतोबांच्या मिशा म्हणजे अस्सल राजपुताना! तीस वर्षांचं वैभव. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या काहीच बोलली नाही. दुपारी ते स्वतःच मध्यम मार्गावरच्या न्हाव्याकडे जाऊन आले.

परवा आत्याचा फोन होता. पेंग गेली आहे. दिवा मालवण्यापूर्वी ती रोज त्या भोकांपुढे तळहात धरते आणि हवा लागली की मगच आडवी होते.