शेवंड आणि आपला ताम्हिणीचा रस्ता

शनिवारी सकाळी पौडमधून निघालेली गाड्यांची रांग कुठे जाते हे मुळशीकरांना सांगायला नको. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, मग दिवेआगर नाहीतर श्रीवर्धन. तिथं हल्ली सुरमई-पापलेटवर भागत नाही, शेवंड लागते. त्यातही "गाबोळीवाली आहे का?" असं विचारणारी आपल्याकडची मंडळी मी स्वतः ऐकलीत.

शेपटीखाली नारिंगी मण्यांचा घोस दिसतो ना, ती अंडी. एका मादीच्या पोटाशी लाखांत असतात. आपण तेच जास्त पैसे देऊन खातो.

याचं पुढं काय होतं ते मुंबईनं बघितलंय. चपटी शेवंड तिथं 1970 च्या दशकाच्या शेवटी ट्रॉलरना भरपूर मिळू लागली. 1994 पर्यंत ती मासेमारी बसली. अंडीवाल्या माद्यासुद्धा खरडून नेल्या, दुसरं काय!

कन्याकुमारीकडे शेवंडीला सापळे लावतात. सापळ्यातली शेवंड धडधाकट, जिवंत वर येते. लहान किंवा अंडीवाली असली तर परत सोडता येते. आपल्याकडे ती बहुतेक जाळ्यातच येते. जाळ्यातून सोडवताना पाय तुटतात, ट्रॉलरमध्ये तर चेंगरतेच. तरी श्रीवर्धनच्या एका कोळी दादांना विचारलं, सोडता का? म्हणाले, "सोडू की. पण मी सोडलेली उद्या ट्रॉलरनं नेली तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

केंद्र सरकारनं 2003 साली निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं. आपल्या किनाऱ्यावर जास्त मिळणाऱ्या शेवंडीला 300 ग्रॅम, चपटीला 150. पण हा नियम परदेशी जाणाऱ्या मालाचा. वीकेंडच्या ताटात वजनकाटा कोण लावणार?

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. पहिल्या पावसात बॅटरी घेऊन खेकडे धरायला गेलं की आमच्याकडची जुनी माणसं आधी खेकडा उलटा करून बघायची. पोटाखाली पिल्लं दिसली की परत ओढ्यात. कुठला जीआर नव्हता त्याला.

1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते. ऑगस्टनंतर जाल तेव्हा शेवंड शिजवायच्या आधी बघायला मागा. अंडी असली तर दुसरी द्या म्हणा. हॉटेलवाला काय म्हणाला ते मला जरूर कळवा, त्यावर पुढं लिहायचंय.