पाव मैल

वर्गांत वर्डस्वर्थ शिकविणारा मनुष्य एके काळीं मोटारींच्या शर्यतींत पडला होता असें सांगितलें, तर वाचकांना हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनाही तें येतें. आमचा चष्मा, आमची छत्री आणि ठाणें स्टेशनापासून टेंभी नाक्यापर्यंत रोज पायींच येण्याची आमची रीत पाहून, हा गृहस्थ कधीं काळीं धूर सोडीत रस्त्यावरून सुसाट गेला असेल अशी शंकासुद्धां कोणाला येत नाहीं. पण गोष्ट खरी आहे. ती आज सांगावयास बसलों तें फुशारकीसाठीं नव्हे. त्या गोष्टीच्या शेवटीं एक देणें आहे, आणि तें पस्तीस वर्षें आमच्या खात्यावर पडून होतें.

ज्या शर्यतीला इंग्रजींत ड्रॅग रेस म्हणतात ती शर्यतींत सर्वांत साधी. तींत वळण नाहीं, फेरा नाहीं. दोन गाड्या शेजारीं उभ्या करावयाच्या, खूण होतांच सोडावयाच्या, आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारें ४०२ मीटर, नाकासमोर पळवावयाच्या. जी आधीं पोंचेल ती जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील तरुणांना हें वेड लागलें. १९५० सालीं कॅलिफोर्नियांत सँटा ॲना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर अशा शर्यती नियमानें भरूं लागल्या, आणि पुढच्याच वर्षीं वॉली पार्क्स यांनीं या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना काढली. आपल्या देशांतही मोटारशर्यतींना पहिला आसरा विमानांच्या धांवपट्ट्यांनींच दिला. मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकाळांतील धांवपट्टी त्यासाठीं प्रसिद्ध होती. आणि लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर तर चालू शतकांत खास पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. परंतु १९८९ सालीं ठाण्यांतील चार कॉलेजकुमारांना यांतलें कांहींच उपलब्ध नव्हतें. आमच्याजवळ होतीं तीं रद्दीवाल्याकडून आणलेलीं दोन अमेरिकन मासिकें, आणि एक डुक्कर फियाट.

ज्यांनीं ही गाडी पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या रस्त्यांवर आलेली ही अकराशेंची फियाट. तिच्या गुबगुबीत बांध्यामुळें लोकांनीं तिला हें नांव दिलें, आणि त्यांत तिरस्कारापेक्षां लाडच अधिक होता. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूनें उघडत. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं असे. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. आमच्या वर्गमित्राच्या वडिलांनीं ती घेतली होती. ते ठाण्याच्या कोर्टांत वकिली करीत. ते गेल्यावर घरांत चालविणारें कोणी नसतांही काकूंनीं गाडी विकली नाहीं. टेंभी नाक्यावर एका बोळांत एक मिस्त्री होता. त्याच्याकडे ती महिन्यांतून एकदां जाई. वीस वर्षें त्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. दसऱ्याच्या दिवशीं काकू स्वतः तिला झेंडूची माळ घालीत, आणि मिस्त्रीच्या घरीं नारळ व मिठाई पाठवीत. हा क्रम वकीलसाहेबांच्या वेळेपासूनचा.

मुलगा गाडी शिकला आणि हा क्रम मोडावयास आम्ही चौघे सिद्ध झालों. शहराबाहेर एका नव्या वसाहतीसाठीं आंखलेला, पण अद्याप वस्ती न झालेला सरळ रस्ता आम्हांला सांपडला. पाव मैल मोजावयाचा कसा? अठ्ठावीस इंची सायकलच्या चाकाचा एक फेरा सुमारें सव्वासात फुटांहून किंचित् अधिक भरतो. तेव्हां चाकाचे १८० फेरे मोजले कीं काम झालें. व्हॉल्व्हची तोटी खालीं आली कीं एक, असें मोजीत आम्ही सायकल हातानें ढकलीत नेली आणि दोन्ही टोंकांस चुन्याच्या रेघा मारल्या. प्रतिस्पर्धी होता चरईंतला एक मुलगा, आपल्या वडिलांची ॲम्बॅसडर घेऊन येणारा. आमच्या गाडीला त्या दोन रेघांमधलें अंतर तोडावयास चोवीस सेकंद लागत. चोवीस सेकंदांत सायकलवालाही बरीच मजल मारतो. पण गाडींत बसलेल्यांना तो वेग वाऱ्याचा वाटे. दर रविवारीं पहांटे आम्ही हरत असूं.

मग आमच्यांतील एकानें, जो छात्रसेनेंत विमानांचे नमुने उडवीत असे, आम्हांला नायट्रोची गोष्ट सांगितली. पुढचें पाप मात्र आमचें. नायट्रोमिथेन हें काय प्रकरण आहे तें ग्रंथालयांत बसून आम्हीं शोधून काढलें. एक किलो पेट्रोल नीट जळावयास जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. नायट्रोमिथेनला दोन किलोंहूनही कमी पुरते, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्राणवायूच असतो. किलोमागें त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारें चौथाई. परंतु तेवढ्याच हवेंत तें आठपटींहून अधिक जाळतां येतें, म्हणून इंजिनाचा जोर दुपटीच्या वर जातो. शिदोरी बरोबर घेऊन निघालेल्या प्रवाशासारखें हें इंधन. वाटेंत कोणाकडे मागावें लागत नाहीं. याच गुणामुळें तें इंजिनें फोडतें. अमेरिकेंतील त्या संघटनेनें १९५७ सालीं त्यावर बंदी घातली होती, ती १९६३ पर्यंत टिकली. डॉन गार्लिट्स या नामवंत शर्यतवीराचा तर १९७० सालीं गाडीचा गिअर फुटून पाऊल तुटलें. तेव्हां त्यानें इंजिन आपल्या पाठीमागें बसविलेली गाडी बांधली, आणि सर्वांनीं तीच पद्धत उचलली. हें सारें आम्हीं वाचलें होतें. वाचलेलें दुसऱ्याला लागू असतें अशी त्या वयाची समजूत असते.

नायट्रोमिथेन पेट्रोलांत नीट मिसळत नाहीं, मेथिल अल्कोहोलांत मिसळतें. म्हणून नमुन्याच्या विमानांसाठीं मिळणारें, एरंडेल घातलेलें तयार इंधन मुंबईहून आणलें. कार्ब्युरेटरच्या जेटचें भोंक किती मोठें करावयाचें याचें गणित आम्हीं मांडलें. मिस्त्रीकडे गेलों तेव्हां त्यानें ऐकून घेतलें आणि मान हलविली. "हे इंजिन तुमच्यापेक्षां वडील आहे. वडिलांना दारू पाजत नाहींत," एवढेंच तो म्हणाला. जेट आम्हीं दुसरीकडून कोरून आणलें.

तो घटस्थापनेच्या आधींचा रविवार होता. पहिल्या धांवेंत आमची डुक्कर ॲम्बॅसडरच्या पुढें गेली. घड्याळानें बावीस सेकंद दाखविले. एरंडेलाच्या जळक्या वासानें आणि त्या धुरानें डोळे झोंबत होते, आणि आम्ही रस्त्यावर अक्षरशः नाचत होतों. दुसऱ्या धांवेंत शेवटच्या शंभर पावलांवर बॉनेटखालीं कोणी हातोडा मारावा तसा ठणठणाट झाला आणि निळा धूर आला. गणित चुकलें नव्हतें. जेटचें भोंक बरोबर होतें. पण तेथवर इंधन आणणारी नळी तीच जुनी, बारीक. तापलेल्या इंजिनाला इंधन अपुरें पडलें आणि तिसरा पिस्टन वितळला.

गाडी ढकलीत आणि दोरीनें ओढीत टेंभी नाक्यावर आणली. मिस्त्रीनें इंजिन उघडलें, पिस्टन बाहेर काढला, त्याला आठ आण्याच्या नाण्याएवढें भोंक पडलें होतें, आणि त्या भोंकांतून त्यानें आमच्याकडे पाहिलें. रागावला नाहीं. "बाईसाहेबांना काय सांगूं?" असें त्यानें विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां कामाला लागला. नवरात्र सुरू झालें. टेंभी नाक्याच्या देवीचा उत्सव १९७८ पासूनचा; तोंवर त्याला मोठें रूप आलें होतें, आणि दर्शनाची रांग बोळाच्या तोंडाशीं येई. त्या गर्दींत आणि कर्ण्यांच्या आवाजांत मिस्त्री रात्रीं जागून इंजिन जुळवीत होता. त्यानें आमच्याकडून पिस्टनची किंमत तेवढी घेतली.

दसऱ्याला काकू माळ घेऊन आल्या. गाडी सुरू झाली, पण धुराला एरंडेलाचा वास होता आणि आवाज पूर्वींचा नव्हता. काकूंच्या कानाला तो कळला. "काय झालंय हिला?" त्यांनीं विचारलें. आम्ही चौघेही तेथेंच उभे होतों. मिस्त्री म्हणाला, "बाईसाहेब, चूक माझी. ऑइल बघायचं माझ्याकडून राहिलं. पिस्टन गेला होता, नवीन घातलाय."

त्या क्षणीं एक वाक्य बोलावयाचें होतें. तें कोणीच बोललें नाहीं. काकू शिस्तीच्या. "साहेब असते तर असं झालं नसतं," एवढें म्हणून त्या घरांत गेल्या. पुढल्या महिन्यापासून गाडी नौपाड्यांतील दुसऱ्या एका गॅरेजमध्यें जाऊं लागली. मिस्त्री आम्हांला रस्त्यांत भेटे, आमच्या परीक्षेची चौकशी करी. आम्हांला त्याच्या नजरेला नजर देतां येत नसे, म्हणून आम्ही बोळाची वाट टाळूं लागलों.

पुढें मित्र कॅलिफोर्नियाला गेला. आम्ही शेक्सपिअर आणि वर्डस्वर्थ शिकवूं लागलों. गाडी विकली गेली. त्या फियाटची धाकटी बहीण, पद्मिनी, २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निघाली, तेव्हां वर्तमानपत्रांतून हळहळीचे लेख आले. आम्हीं ते वाचले आणि गप्प राहिलों. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं मित्राचें पत्र आलें. त्याच्या गांवाहून दोन-अडीच तासांवर बेकर्सफील्डजवळ फॅमोसो येथें १९५९ पासून नायट्रोच्या गाड्यांचा मेळा भरतो. हौशी लोक तेथें जुन्या गाड्या जपून आणतात, चालवितात. तो तेथें गेला होता. त्यानें लिहिलें होतें: "त्या धुरानें सगळ्यांचेच डोळे पाणावतात, तेव्हां माझ्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आईला तूं सांग. मला फोनवर जमणार नाहीं."

आम्ही काकूंकडे गेलों. त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे, पण ऐकूं नीट येतें. सारें सांगितलें, जेट, नळी, बावीस सेकंद, सारें. त्या रागावतील म्हणून तयारी करून गेलों होतों. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हे त्याला सांगितलंत का कधी? की तुम्ही त्याचे ऋणी आहात म्हणून?"

मिस्त्री वारून तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. तसें आम्हीं सांगितलें.

"दसऱ्याचा नारळ मी त्या वर्षापासून बंद केला," काकू म्हणाल्या. पुढें त्यांनीं चहा विचारला, आणि आम्हीं तो घेतला.

गेल्या दसऱ्याला काकूंनीं आम्हांला बोलावून एक नारळ आणि पेढ्यांचा पुडा हातीं दिला. बोळ आतां राहिला नाहीं; तेथें उंच इमारत आहे. मिस्त्रीचा मुलगा जवळच स्कूटरी दुरुस्त करतो. त्यानें आमच्याकडे जरा गोंधळून पाहिलें, हात पुसले आणि नारळ घेतला. "घरी आई आहे," तो म्हणाला. "कुणाकडून आला म्हणून सांगू, सर?"

वकीलसाहेबांच्या घरून, असें आम्हीं सांगितलें. मग त्याच्या दुकानांतल्या बाकड्यावर बसून, त्याला वेळ आहे का असें विचारून, बाकीची हकीकत सांगावयास सुरुवात केली.