आमचें मोटार-अध्ययन

जुनी पोथी, जुना दागिना, जुनी पैठणी यांस आपल्या घरांतून जो मान मिळतो, तो जुन्या यंत्रास मिळत नाहीं. पोथीला कसर लागली तर आपण हळहळतों. यंत्र गंजलें तर भंगारवाल्यास हांक मारतों. पोथी आपणांस वाचतां येते, दागिना पारखतां येतो. यंत्राच्या पोटांत काय आहे हें मात्र सुशिक्षित घरांतील फारच थोड्यांस ठाऊक असतें. आणि जें आपणांस कळत नाहीं त्याची किंमत वजनावर होते. गेल्या तीन वर्षांत आम्हांस या गोष्टीचा जो अनुभव आला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

कोल्हापुरास आमच्या वाड्याच्या मागील पडवींत १९५१ सालच्या बनावटीची एक शेव्हरोले पिक-अप, म्हणजे पुढें चालकाची खोली आणि मागें उघडा हौदा असलेली अर्ध्या टनाची मालगाडी, १९८६ पासून उभी होती. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्यांची जोडणी करण्याचा कारखाना काढिला, तेव्हांपासून शेव्हरोले हें नांव आपल्याकडे घरगुती झालें होतें. आमच्या आजोबांनीं ही गाडी १९५८ सालीं जुनी म्हणूनच विकत घेतली. घरचें गुऱ्हाळ होतें. तेथून गुळाचे रवे शाहूपुरीच्या पेठेंत पोंचविणें हें तिचें काम. अठ्ठावीस वर्षें ती एकाच गृहस्थांनीं चालविली. आम्ही मुलें त्यांना गाडीमामा म्हणत असूं. ते १९९० नंतर थोड्याच वर्षांनीं वारले. गाडी इतकीं वर्षें कशी टिकली असें कोणी विचारलें, तर 'अमेरिकन लोखंडच तसें,' हें घरांतील ठरलेलें उत्तर असे.

२०२२ सालीं वाड्याची वांटणी झाली. भंगारवाल्यानें गाडीचे चाळीस हजार रुपये देऊं केले. त्यांचे पांच वांटे व्हावयाचे. आम्ही आमच्या वांट्यास आलेला तांब्याचा बंब आणि दोन घंगाळें चुलतबंधूंस देऊन गाडी मागून घेतली. घरांतून अर्थातच विचारणा झाली, कीं अडतीस वर्षें महाविद्यालयांत संस्कृत शिकविलेल्या माणसानें पान्याला हात लावण्याचें काय प्रयोजन? प्रयोजन एवढेंच, कीं ज्या गाडीवर घराचा संसार एक पिढी चालला, ती कशी चालत होती हें घरांतल्या एकानें तरी जाणून घ्यावें.

अभ्यासाचा पहिला पाठ असा, कीं छत्तीस वर्षें निजलेलें एंजिन एकदम जागें करूं नये. दट्टे नळकांड्यांत गंजानें धरलेले असतात. जबरदस्तीनें फिरविल्यास ओरखडे पडून सारेंच वायां जातें. म्हणून ठिणगीचे सहा प्लग काढून प्रत्येक भोकांतून तेल सोडलें आणि आठ दिवस थांबलों. मग हातानें थोडें थोडें फिरवून पाहिलें. नवव्या दिवशीं तें चुळबुळलें, आणि पंधराव्या दिवशीं पुरता एक फेरा झाला.

दुसरा पाठ आमच्या ओळखीचा निघाला. समास सोडवितांना विग्रह नीट झाला नाहीं तर अर्थ हातीं लागत नाहीं; येथेंही तेंच. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं पुतण्यानें त्याचें छायाचित्र घ्यावें, सूनबाईंनीं चिठ्ठी लिहावी, आणि खिळे-बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांतून निरनिराळे ठेवावे, असा क्रम पडला. एंजिनाच्या सहा नळकांड्यांत ठिणगी पडण्याचा क्रम एक, पांच, तीन, सहा, दोन, चार असा असतो. घरांतील लहान मुलें दिवेलागणीला परवच्याबरोबर हाही क्रम घोळूं लागलीं.

तिसरा पाठ : चालण्याआधीं थांबण्याची सोय. ब्रेकच्या नळ्यांतून तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो; तेथील रबरी वाट्या उभ्या गाडींतही कडक होऊन फुटतात. एंजिन कितीही मोह घालो, ब्रेक नवे झाल्याखेरीज गाडी पडवीच्या बाहेर काढावयाची नाहीं असा नियम घातला आणि तो पाळला.

गंज काढण्याचा उपाय मात्र आमच्या मुलखांतलाच निघाला. साखरेची मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रवांत लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले, कीं गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडास फारसा धक्का लागत नाहीं. ॲल्युमिनियमचे भाग यांत घालूं नयेत. तें खाल्लें जातें. पिंपास जो दर्प सुटला त्यामुळें शेजारचे जोशी असते तर भांडले असते, इतकेंच काकूंनीं म्हटलें. परंतु मडगार्डें स्वच्छ निघाल्यावर त्यांनींच आपली जुनी विळी पिंपांत सोडली! याच उंसानें आमची दुसऱ्या बाजूनें परीक्षा पाहिली. २०२५ पर्यंत देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें, आणि त्यांतील कांहीं मळीपासूनच निघतें. जुन्या गाड्यांचें रबर त्यानें फुगतें व विरतें. म्हणून पेट्रोलपंपाचा पडदा आणि सर्व नळ्या तें सोसणाऱ्या नव्या जातीच्या घातल्या.

विजेचा प्रकारही सांगण्यासारखा आहे. आजच्या मोटारींत बारा व्होल्टची बॅटरी असते. या गाडीची सहा व्होल्टची. दाब निम्मा म्हटल्यावर तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो, आणि दुप्पट प्रवाहाला तार जाड हवी. बाजारांत मिळणाऱ्या बारीक तारा जोडल्या तर स्टार्टर कण्हतो आणि लोक बॅटरीस दोष देतात. अरुंद पाटांतून दुप्पट पाणी जात नाहीं, हें शेतकऱ्याच्या घरांत वेगळें सांगावें लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. एंजिनाचा तळ उघडला तेव्हां आंतली रचना पाहून आम्ही थक्क झालों. प्रत्येक दट्ट्याचा दांडा खालीं आसाला जेथें धरतो, तेथें एक टोपण असतें, आणि त्या टोपणाला संध्येच्या पळीसारखी एक इवलीशी पळी असते. आस फिरूं लागली, कीं या सहा पळ्या खालच्या पन्हळींतलें तेल उचलून आपापल्या सांध्याला पाजतात. वेग वाढला म्हणजे समोरून तेलाच्या बारीक धारा येतात, त्या याच पळ्या झेलतात. पळीचें तोंड उलट बसलें तर सांधा उपाशी राहतो. सांध्याच्या आंत कथील, अँटिमनी आणि तांबें यांच्या मिश्रणाचा पांढरा, मऊ धातू ओतलेला असतो. १८३९ सालीं आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिरानें तो प्रचारांत आणिला. त्याच्याच नांवानें तो ओळखला जातो. तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. झिजावयाचें तें त्यानें झिजावें आणि पोलादी आस शाबूत राहावी, ही योजना. आमच्या चौऱ्यायशीं वर्षांच्या काकू हें ऐकून म्हणाल्या, "अरे, प्रत्येक घरांत असें एक माणूस असतेंच."

धातू झिजला म्हणजे सांधा सैल होऊन ठोकूं लागतो. त्यावर उपाय ठेवलेला आहे. टोपण आणि दांडा यांच्या मध्यें दोन्ही बाजूंस पातळ पट्ट्या असतात. झीज होईल तसतशी दोन्हीकडची सारखीच एकेक पट्टी काढावी, म्हणजे टोपण किंचित् वर सरकून सांधा पुन्हा बेताचा होतो. काम करणाऱ्याला त्यासाठीं गाडीखालीं उताणें पडून, तळ काढून, सहाही सांधे एकामागून एक तपासावे लागतात. सांधा फार आवळला तर जळतो, ढिला राहिला तर फुटतो. हातोडीच्या हलक्या टिचकीनें दांडा बाजूस सरकला पाहिजे, अशी जुन्या मिस्त्र्यांची कसोटी.

सहाही टोपणांवर कोणी पंचानें ठिपके मारून ठेवले होते : एकावर एक, दुसऱ्यावर दोन, असे सहापर्यंत. आणि चालकाच्या बैठकीखालच्या पत्र्याच्या डब्यांत सहा काडेपेट्या सांपडल्या, त्यांवरही एकपासून सहापर्यंत रेघा ओढलेल्या. आंत त्या त्या सांध्यांतून काढलेल्या पट्ट्या तेलकट कागदांत गुंडाळून ठेवल्या होत्या. मोजून पाहिल्या, प्रत्येक पेटींत जोडीनेंच होत्या, एकही विषम नाहीं. अठ्ठावीस वर्षांत हें काम किती वेळां झालें तें त्या पट्ट्यांवरून कळत होतें. गाडी अमेरिकन लोखंडामुळें टिकली नव्हती.

आजोबांची रोजकीर्द वांटणींत आमच्याकडेच आली आहे. ती काढून पाहिली. पेट्रोल, टायर, जकात, दिवाळीची पोस्त, सर्व पैपैशासह लिहिलेलें आहे. मामांचा पगार 'ड्रायव्हर खातें' या सदराखालीं दर महिन्यास पडला आहे. या कामाचा उल्लेख कोठेंही नाहीं. मामांचें नांवही नाहीं. काकूंस विचारलें, त्यांनाही तें ठाऊक नव्हतें. आजोबा कंजूष किंवा निष्ठुर होते असें मुळींच नाहीं. मामांच्या मुलीच्या लग्नाला घरांतून मदत गेल्याची नोंद त्याच वहींत आहे. परंतु हिशेबांत जें बसतें तेवढेंच वहींत येतें.

मामांचे नातू उद्यमनगरांत लेथचा कारखाना चालवितात असें शोध करतां कळलें. पांढरा धातू नव्यानें ओतणें हें काम आतां थोड्याच ठिकाणीं होतें; त्यांच्याकडे होतें. दांडा तापवून, स्वच्छ करून, त्याला कल्हई देऊन, मग वितळलेला रस ओतावयाचा आणि थंड झाल्यावर लेथवर बारीक कापून आसाच्या मापाचा करावयाचा, हें सारें त्यांनीं आम्हांस शेजारीं उभें करून दाखविलें. काडेपेट्या त्यांच्यापुढें ठेविल्या तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आजोबा म्हणायचे, काढल्याली पट्टी टाकायची न्हाई. किती झिजलं, त्येचा तोच हिशेब." पेट्या त्यांनीं न्याव्या असें आम्ही सुचविलें, ते म्हणाले, "गाडीसंगंच ऱ्हाऊं द्या, सर." त्यांच्याकडूनच मामांचें पूर्ण नांव आम्हांस मिळालें.

आमचे एक चुलतबंधू अद्याप विचारतात, कीं या खटाटोपांत गेलेल्या पैशांत चांगली नवी गाडी आली नसती काय? आली असती; हिशेब त्यांचाच बरोबर आहे. गूळ पोंचवावयाचा असेल तर नवीच घ्यावी. आमचा लाभ निराळ्या सदरांत पडतो. विद्या म्हणजे जिभेची व लेखणीची, हातांची ती कारागिरी, असा भेद आपल्या वर्गांत फार काळ मानला गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांसारखा एखादा गृहस्थ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवितां शिकवितां यंत्राकडे वळला, बेळगांवीं सायकलींच्या धंद्यांत शिरला आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, त्याचें आपण कौतुक करतों. पण कौतुक करून पुन्हा लेखणीच उचलतों. बोटांच्या टोकांना सांधा किती सैल आहे हें कळणें, हेंही ज्ञानच आहे. तें ग्रंथांत नसतें, आणि तें असलेला माणूस गेला कीं त्याच्याबरोबर जातें. मामांचें तेवढें सहा पेट्यांमुळें उरलें.

२०२५ च्या मार्गशीर्षांत एंजिन सुरू झालें. तेलाच्या दाबाचा कांटा चौदा पौंडांच्या आसपास स्थिरावला. नव्या मोटारींच्या मानानें हा दाब थोडा. पळ्यांच्या या रचनेस पुरेसा. हौद्याच्या फळ्या अजून बसवावयाच्या आहेत आणि रंगाचा वाद घरांत चालूच आहे. गाडीची निराळी वही मात्र घातली आहे. तींत कोणीं काय काम केलें तें तारीखवार लिहावयाचें असें ठरलें असून, आरंभीं मामांचें नांव व १९५८ ते १९८६ हीं सालें लिहिलीं आहेत. खालीं त्यांच्या नातवाचें, मग पुतण्याचें आणि सूनबाईंचें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें यंत्र असेल : विहिरीवरचें एंजिन, आजीचें शिवणयंत्र, घड्याळ, पिठाची चक्की. तें दुरुस्त करावें असें मनांत आल्यास हत्यारें मागाहून घ्यावीं. तें चालविणारें, त्याला तेल घालणारें माणूस हयात असेल तर आधीं त्याच्याकडे जावें, आणि प्रथम त्याचें पूर्ण नांव विचारून लिहून घ्यावें.