आयला, म्हणजे 'बॅली'!

या शनिवारी बरेच दिवसांनी 'थ्री मेन इन अ बोट' पुन्हा वाचायला घेतलं. जेरोम के. जेरोमचं, १८८९ सालचं. तीन मित्र, माँटमरन्सी नावाचा आगाऊ कुत्रा, थेम्स नदी आणि एक होडी. कॉलेजात वाचलं तेव्हा नुसता खिदळलो होतो. या वेळी मात्र एका शब्दापाशी अडकलो. पावसात तंबू कोसळतो, तेव्हा आतला गडी त्या तंबूला 'बॅली' म्हणतो.

डिक्शनरी काढली. 'बॅली' म्हणजे 'ब्लडी'चा सोवळा अवतार. चारचौघांत शिवी चालत नाही, पण राग तर काढायचाय! आपलं 'आयला' तरी दुसरं काय आहे? अख्खी शिवी गिळायची आणि शेपूट तेवढं बाहेर ठेवायचं.

आज हे सगळं निरागस वाटतं. तेव्हा मात्र समीक्षकांनी जेरोमला धू धू धुतलं. कारकुनांची बोली पुस्तकात आणतो म्हणजे काय! जेरोम स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत कारकुनी करायला लागलेला, लंडनच्या गरीब ईस्ट एंडमध्ये वाढलेला. 'पंच' साप्ताहिकात 'ॲरी' नावाचं एक पात्र असायचं. मूळ नाव हॅरी, पण लंडनच्या सामान्य माणसाला 'ह' म्हणता येत नाही, म्हणून ॲरी. झालं, 'पंच'वाल्यांनी जेरोमचं बारसंच केलं : 'ॲरी के. ॲरी'. एका 'ह'वरून माणसाची लायकी ठरली! पुस्तक धो धो खपलं ते सोडा. (आणि गंमत बघा, पुढे वुडहाउसच्या बर्टी वूस्टरच्या तोंडी हाच 'बॅली' आला. बर्टी पडला उमराव घराण्यातला, त्यामुळे तिथे तो कसा खानदानी वाटतो!)

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटलं. कारण 'पंच'वाल्यांना शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मला आमची होस्टेलची मेस आठवली.

मी बार्शीचा. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी अण्णा मला पुण्याला सोडायला आले होते. एसटीचा पाच-सहा तासांचा प्रवास, बरोबर गोधडी, शेंगाचटणीचा डबा वगैरे. मेसमध्ये बसल्यावर त्यांनी पोऱ्याला हाक मारली, "जरा पानी आन रे." शेजारच्या टेबलावर माझे नवे रूममेट. त्यांच्यातला एक जण गालात हसला. मी अण्णांना मोठ्यांदा म्हणालो, "पाणी, अण्णा. पाणी."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ग्लास उचलला, प्यायले. संध्याकाळच्या एसटीने परत गेले.

काल रात्री फोन लावला. म्हटलं, आज काहीतरी बोलूच. पण इकडचं तिकडचं झालं, प्रमोशनचं झालं, आईच्या गुडघ्यांचं झालं. मग यंदा विहिरीचा विषय निघाला. अण्णा एक क्षण थांबले आणि म्हणाले, "पाणी आहे रे अजून."

'ण' अगदी ठासून.